अक्षर लागत नाही!

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर इंग्रजीत, लहान लिपीत, हात न उचलता 'मिनिमम' हा शब्द लिहा. लिहिताना 'आय'वरचे टिंब मुद्दाम गाळा. आता कागद शेजारच्या मित्राला दाखवा. त्याला शब्द दिसणार नाही, कुंपणाच्या काठ्या दिसतील. मोजल्या तर त्या बरोबर पंधरा भरतात. 'एम'च्या तीन, 'आय'ची एक, 'एन'च्या दोन, पुन्हा 'आय'ची एक, 'एम'च्या तीन, 'यू'च्या दोन आणि शेवटच्या 'एम'च्या तीन. काठ्या सगळ्या सारख्याच. कोणत्या काठ्या एकत्र घ्यायच्या, एवढाच प्रश्न. आणि तेवढ्यावरच सगळे अडते.

इंग्लंडमध्ये असे काठ्यांचे कोडे सोडवत बसणारी माणसे हजारोंनी आहेत. आपल्याकडे जसे कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस असलेले लोक घराण्यांच्या वंशावळी जमवतात, तसेच तिकडचे लोक आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचा माग काढतात. त्यांचे मुख्य साधन म्हणजे जुनी खानेसुमारी. इंग्लंडात १८०१ पासून दर दहा वर्षांनी ती होत आली. अपवाद १९४१ चा, तेव्हा महायुद्ध चालू होते. पहिल्या चार खानेसुमाऱ्यांत बहुतेक ठिकाणी नुसती डोकी मोजली. १८४१ पासून मात्र घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिले जाऊ लागले. शंभर वर्षे उलटल्यावर हे कागद लोकांना पाहायला खुले होतात. १९२१ ची खानेसुमारी २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. पुढचा हप्ता मात्र मिळायचा नाही. १९३१ चे कागद १९४२ साली आगीत जळून गेले.

वंशावळीचे काम शिडी चढण्यासारखे असते. १८८१ मधल्या मुलाच्या आधारे १८५१ मधला बाप शोधायचा, त्याच्यावरून १८४१ मधला आजा. एका पायरीवर नाव चुकीचे वाचले, की माणूस दुसऱ्याच घराच्या शिडीवर चढतो, आणि त्यापुढच्या पायऱ्या कितीही काळजीने चढल्या तरी त्या परक्याच घराच्या असतात. शिवाय राजे-सरदारांची नावे शंभर ठिकाणी सापडतात. पण ज्या शेतमजुराने कधी पत्र लिहिले नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्या आयुष्याच्या खुणा फार थोड्या उरतात. खानेसुमारीतली ओळ ही त्यांपैकी एक. ती ओळ चुकीची वाचली गेली, तर माणूस कागदावर असूनही हरवतो.

तोंडापासून डोळ्यापर्यंत

भौतिकशास्त्रात आपण म्हणतो, की संदेश एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना त्यात वाटेत गोंगाट मिसळतो. दूरध्वनीवर खरखर ऐकू येते तसा. खानेसुमारीतले नाव आपल्यापर्यंत कसे पोहोचले ते पाहिले, तर गोंगाट मिसळायच्या जागा किती आहेत ते कळेल.

आधी घरोघर एक छापील तक्ता वाटला जाई. घरच्या कर्त्याने तो भरायचा. ज्याला लिहिता येत नसे तो तोंडाने सांगे आणि प्रगणक, म्हणजे मोजणीदार, ऐकून लिही. लंडनच्या सामान्य वस्तीत बोलताना शब्दारंभीचा 'ह' गिळण्याची सवय होती, त्यामुळे 'हॅरिस' हे आडनाव कानावर 'आरिस' असे येई. नंतर प्रगणक सगळे तक्ते गोळा करून एका वहीत उतरवून काढी. ही दुसरी नक्कल. १८४१ ते १९०१ पर्यंतचे मूळ घरगुती तक्ते नष्ट झाले. आपल्यापुढे येते ती प्रगणकाची वही. १८४१ च्या वह्या तर पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. त्या वह्या लंडनच्या कचेरीत गेल्यावर तिथले कारकून वये आणि धंदे मोजताना मोजलेल्या नोंदींवर जाड पेन्सिलीच्या रेघा मारीत. त्यांना बेरीज हवी होती, नावाशी कर्तव्य नव्हते. शेवटी या वह्यांच्या सूक्ष्मफिती काढल्या गेल्या, बहुतेक काळ्या-पांढऱ्या, आणि त्यांवरून संगणकावरची चित्रे तयार झाली.

तोंड, कान, तक्ता, वही, कारकुनाची रेघ, फीत आणि मग आपला डोळा. एवढ्या सात घरांतून आलेले नाव शुद्ध राहिले तरच नवल!

एक गाजलेले उदाहरण सांगतो. कार्ल मार्क्स १८५१ साली लंडनच्या सोहो भागात डीन स्ट्रीटवर राहत होते. त्या वर्षीच्या खानेसुमारीत त्यांची नोंद आहे, पण 'चार्ल्स मार्क' या नावाने; पुढे तत्त्वज्ञ लेखक असा व्यवसाय दिला आहे. जर्मन 'कार्ल'चे इंग्रजी 'चार्ल्स' झाले आणि आडनावाच्या शेवटचा 'एक्स' जाऊन 'के' आला. ज्याच्या नावाने पुढे अर्धे जग हलले त्याची ही गत, मग खेड्यातल्या शेतमजुराची काय कथा?

नावच का लागत नाही?

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक अनुभव असतो. कितीही गचाळ अक्षर असले तरी 'न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियम' हे शब्द वाचता येतात. का? कारण ते आपण वाचत नसतोच. अर्धेअधिक ओळखत असतो. 'उद्या शाळेला सु— आहे' या वाक्यातला गाळलेला भाग तुम्हाला कोणी सांगावा लागत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहितीचे मोजमाप करण्याचा सिद्धांत मांडला. सर्वसाधारण इंग्रजी लिखाणातला सुमारे निम्मा भाग भाषेच्या रचनेमुळे आपोआप ठरतो, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे निम्मी अक्षरे पुसली गेली तरी जाणकाराला मजकूर बराचसा जुळवता यावा.

आता ही रिकामी जागा भरा: 'शेजारच्या गावचे श्री. —टे'. काटे, खोटे, शेटे, मोटे, यांतले कोणतेही चालेल. वाक्य येथे काहीच मदत करीत नाही. नाव हा भाषेतला असा भाग आहे की जो मागच्या-पुढच्या शब्दांवरून ठरत नाही. आणि खानेसुमारीच्या वहीत वाक्य नसतेच, असते नावांची रांग. म्हणून एरवी पत्रे सहज वाचणारा माणूसही इथे अडखळतो. त्याची नजर कमजोर नसते, त्याच्या हातातला भाषेचा आधार काढून घेतलेला असतो.

मग आधार बाहेरून आणावा लागतो. या कामातली सारी हुशारी तो कोठून आणायचा यातच आहे.

आधी हात ओळखा

प्रयोगशाळेत एखादे अनोळखी उपकरण हाती आले तर आपण त्याने एकदम अज्ञात राशी मोजत नाही. आधी ज्ञात राशी मोजून त्याचे अंशांकन करतो. प्रगणकाचा हात हेही एक उपकरणच समजा.

वहीच्या पानावर काही शब्द असे असतात की ते आपल्याला आधीच ठाऊक असतात. परगण्याचे नाव जन्मस्थळाच्या रकान्यात प्रगणकाने पुन्हापुन्हा लिहिलेले असते. 'हेड', 'वाइफ', 'सन', 'डॉटर' हे नात्याच्या रकान्यातले शब्द ठरलेले. शाळेत जाणाऱ्या मुलापुढे 'स्कॉलर'. अशा पक्क्या शब्दांतून त्याचा 'एस' कसा, 'डी'ची शेपटी कोणीकडे वळते, 'आर' उघडा की मिटलेला, हे एका कागदावर उतरवून घ्यायचे. तासाभरात त्या माणसाची बाराखडी तयार होते. मग कोड्यात टाकणारे नाव घ्यायचे आणि त्यातले एकेक वळण या बाराखडीशी ताडून पाहायचे. पानावर दुसरीकडे तसेच वळण कोठे आले आहे का, हे पाहणे तर्क लढवण्यापेक्षा केव्हाही बरे.

मोठ्या लिपीतली अक्षरे सर्वांत फसवी. 'एल' आणि 'एस', 'टी' आणि 'एफ', 'आय' आणि 'जे', 'एच' आणि 'के' या जोड्यांनी भल्याभल्यांना चकवले आहे. 'सॅम्युएल'चा 'लॅम्युएल' होतो तो असाच. आडनावाचे पहिलेच अक्षर चुकले, तर सूचीत ते भलत्याच जागी जाऊन बसते.

त्या काळच्या काही लकबीही माहीत हव्यात. दोन 'एस' लागोपाठ आले तर पहिला 'एस' लांब काढायची जुनी रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक हातांत टिकून होती. तो अगदी 'एफ'सारखा दिसतो. नवशिका 'रॉस' हे नाव 'रॉफ्स' असे वाचतो आणि कोशात शोधत बसतो. 'डी-ओ' अशी दोन अक्षरे नावाखाली दिसली, तर ते आडनाव नव्हे, 'वरीलप्रमाणे' अशी खूण आहे. विल्यमसाठी 'डब्ल्यू-एम', जॉनसाठी 'जे-एन-ओ'. आणि १८४१ च्या वहीत पानोपानी येणारे 'अ‍ॅग लॅब' पाहून तुम्हाला कसली तरी प्रयोगशाळा आठवेल. पण तो बिचारा शेतमजूर, 'अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर'.

१९११ साली एक गंमत झाली. त्या वर्षापासून घरगुती तक्तेच जपून ठेवले आहेत, म्हणजे कर्त्या माणसाच्या स्वतःच्या हातचे अक्षर आपल्याला पाहायला मिळते. मधली नक्कल गेली, गोंगाट कमी झाला. (त्या रात्री मताधिकारासाठी लढणाऱ्या अनेक स्त्रियांनी मोजणीवर बहिष्कार घातला, एमिली डेव्हिसन ही तर पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून बसली होती.) पण अंशांकनाच्या दृष्टीने तोटाच झाला. प्रगणकाच्या वहीत एका हाताची कितीतरी पाने मिळत; येथे एका हाताचे एकच पान, त्यावर पाचसहा ओळी. नमुना लहान झाला की बाराखडी अपुरी राहते.

आकडे साक्ष देतात

अक्षर हटून बसले की वयाच्या रकान्याकडे वळावे. समजा, १८५१ च्या वहीत एका माणसाचे वय ३३ की ३८ हे कळत नाही. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यात वरचे तोंड मिटले की नाही एवढाच फरक असतो, आणि नेमकी त्यावरून कारकुनाची रेघ गेली आहे. १८४१ मध्ये त्याच गल्लीत त्याच नावाचा माणूस आहे, वय २५.

इथे १८४१ चा एक नियम ठाऊक असावा लागतो. पंधरा वर्षांपर्यंतची वये नेमकी लिहायची. त्याच्या वर असेल तर पाचाच्या पटीत खाली आणायचे. म्हणजे २५ याचा अर्थ २५ ते २९ यांपैकी काहीही. सगळ्या प्रगणकांनी हा नियम पाळला असे नाही, पण बहुतेकांनी पाळला. ती मोजणी ६ जून १८४१ च्या रात्रीची. तेव्हा हा माणूस जून १८११ ते जून १८१६ या पाच वर्षांत केव्हातरी जन्मला. पुढची मोजणी ३० मार्च १८५१ ची. वय ३८ असेल तर जन्म १८१२-१३ चा, म्हणजे त्या पाच वर्षांच्या आत बसतो. वय ३३ असेल तर जन्म १८१७-१८ चा. मग १८४१ मध्ये तो २३-२४ वर्षांचा असता आणि त्याच्यापुढे २० लिहिले गेले असते. पारडे ३८ कडे झुकले. ७ एप्रिल १८६१ च्या वहीत त्याचे वय ४८ निघाले, तर आणखी झुकेल.

मी 'झुकले' म्हणतो, 'सिद्ध झाले' म्हणत नाही. लोक आपले वय विसरत, कमी सांगत, अंदाजाने सांगत. एक साक्षीदार एकदा खोटे बोलू शकतो; तीन साक्षीदार एकमेकांना न विचारता तेच बोलले, तर मात्र लक्ष द्यावे.

रेघेखालची शाई

कागदावरून उडालेली शाई परत दिसावी म्हणून प्रकाशाची मदत घेता येते, आणि हा भाग तुमच्या अभ्यासक्रमाच्या अगदी जवळचा आहे.

त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांपासून बनत असे. मायफळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. त्यात टॅनिक आम्ल असते. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. दोन्ही पाण्यात कालवले की फिकट रंगाचा द्रव होतो, आणि तो कागदावर लागल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन काळा पडतो. मायफळाऐवजी हिरडा घेऊनही हा प्रयोग करता येईल. दीड-दोनशे वर्षांत हाच काळा रंग तपकिरी होतो आणि पिवळ्या पडलेल्या कागदात मिसळून जातो.

अशा कागदावर जंबुपार किरण टाकले, की कागद मंद निळसर चमकू लागतो. पण जिथे शाईचा अंश उरला आहे तिथे ते किरण शोषले जातात आणि अक्षरे गडद उमटतात. साध्या उजेडात न दिसणारी नावे अशी वाचता येतात. उलट, अवरक्त किरणांत पाहिले तर ही शाई जवळजवळ अदृश्य होते, पण पेन्सिलीतला ग्राफाइट काळाच राहतो. म्हणजे शाईवर मारलेली कारकुनाची रेघ तेवढी वेगळी काढता येते! रेघ नेमकी कोठून कोठे गेली हे एकदा कळले, की तिच्याखालचा अक्षराचा भाग कोणता, हे सांगणे सोपे होते. आपली काजळाची शाई मात्र अवरक्त किरणांतही काळीच राहते, कारण तीही कार्बनच. हे प्रयोग अभिलेखागारातल्या तज्ज्ञांनीच करायचे असतात. जंबुपार किरण डोळ्यांना तर वाईटच, पण जुन्या कागदालाही वाईट. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी पुसट हस्तलिखितांवर मायफळाचा अर्क चोपडला. अक्षरे घटकाभर उजळली आणि नंतर सारे पान काळेठिक्कर होऊन कायमचे वाया गेले.

तुम्हाला घरी करता येण्याजोगा प्रयोग असा. निळ्या शाईने एक नाव लिहा. त्यावर लाल रंगीत पेन्सिलीने भरपूर गिरगटा. आता लाल जिलेटिनच्या कागदातून पाहा. पांढरा कागदही लाल, पेन्सिलही लाल, म्हणून गिरगटा नाहीसा होतो. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून नाव काळे होऊन पुढे येते. संगणकावर रंगीत चित्रातले लाल, हिरवे, निळे घटक वेगळे करून हेच करतात. मात्र सूक्ष्मफीत काळी-पांढरी असेल तर रंगाची माहिती आधीच गेलेली असते, आणि गेलेली माहिती कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. तेव्हा मूळ कागदाचे रंगीत चित्रच हवे. १९११ ची पाने तशी उपलब्ध आहेत.

पेन्सिलीचे अक्षर पुसले गेले असेल तर आणखी साधी युक्ती. कागद सपाट ठेवून विजेरी अगदी कडेने, आडवी धरा. पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या चरांच्या सावल्या पडतात. आपल्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर हा प्रयोग करून पाहा. मागच्या पानावर काय लिहिले होते ते बरेचसे वाचता येईल.

कानाच्या चुका, डोळ्याच्या चुका

अमेरिकेत १९३५ साली वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. वय सिद्ध केल्याशिवाय वेतन नाही, आणि पुष्कळांकडे जन्माचा दाखला नव्हता. मग १८८० च्या खानेसुमारीत ज्या घरांत दहा वर्षांची वा त्याहून लहान मुले होती त्या घरांची सूची करायचे ठरले. तीच मुले आता वेतनाला पात्र होत होती. पण नावांची स्पेलिंगे पाहावी तर घरोघरी वेगळी. तेव्हा रॉबर्ट रसेल याने १९१८ साली पेटंट घेतलेली 'साउंडेक्स' ही पद्धत कामी आली.

पद्धत अशी. आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे स्वर आणि 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' सोडून द्यायचे. 'बी, एफ, पी, व्ही' यांना १; 'सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड' यांना २; 'डी, टी' यांना ३; 'एल'ला ४; 'एम, एन' यांना ५; 'आर'ला ६. तीन आकडे झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये द्यायची. कुलकर्णी होतात 'के ४२६' आणि देशपांडे 'डी २१५'. आपटे यांनी सुरुवातीला एक 'ए' लिहिला काय आणि दोन लिहिले काय, ते 'ए १३०' च राहतात. आणि गंमत पाहा, 'मार्क्स' आणि 'मार्क' या दोघांचाही क्रमांक 'एम ६२०' येतो!

पण ही पद्धत पकडते त्या कानाच्या चुका. डोळ्याच्या चुकांपुढे ती दुबळी आहे. 'एल' आणि 'एस' ऐकायला कुठे सारखे आहेत? ते दिसायला सारखे. आणि पहिले अक्षर बदलले तर सगळेच फसते. आपल्याकडचे वाघ कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने; एका घरातले दोन भाऊ सूचीत दोन वेगळ्या अक्षरांखाली जातील. म्हणून अनुभवी शोधक आधी विचारतो, चूक ऐकताना झाली असेल की वाचताना? ऐकताना झाली असेल तर नाव मोठ्याने उच्चारून पाहायचे. वाचताना झाली असेल तर ते गचाळ अक्षरात लिहून पाहायचे.

मनाला हवे ते

आता सर्वांत मोठा धोका. ज्याला आपले पणजोबा शोधायचे आहेत त्याला ते सगळीकडे दिसू लागतात. पंधरा काठ्यांच्या कुंपणात कोणतेही नाव बसवता येते. म्हणून जाणते लोक एक शिस्त पाळतात. आधी जे दिसते तेच उतरवायचे. काठ्या सहा असतील तर सहा काठ्या असेच टिपायचे, शंकेच्या जागी प्रश्नचिन्ह करायचे, आणि त्यानंतरच घरच्या माहितीशी ताडायचे. जन्माचे वर्ष 'असायला हवे' म्हणून तीनाचा आठ करायचा नाही. प्रयोगवहीत आधी उत्तर आणि मग निरीक्षणे लिहिणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात असेलच, त्याचे काय होते ते तुम्ही पाहता.

१९४० ची अमेरिकन खानेसुमारी २०१२ मध्ये खुली झाली तेव्हा स्वयंसेवकांनी तिची सूची केली. एकच पान दोघे जण एकमेकांना न दाखवता उतरवीत, आणि जिथे फरक पडे तिथे तिसरा निवाडा करी. समजा, प्रत्येकाच्या शंभरात पाच चुका होतात. दोघेही एकाच ठिकाणी चुकण्याची शक्यता पाच शतांश गुणिले पाच शतांश, म्हणजे चारशेत एक. कागदावर हिशेब सुंदर आहे. पण तो तेव्हाच खरा, जेव्हा दोघांच्या चुकांचा एकमेकांशी संबंध नसेल. लांब 'एस' दोघांनाही माहीत नसेल तर दोघेही 'एफ'च वाचणार, आणि मतभेद नसल्यामुळे तिसऱ्याकडे प्रकरण जाणारच नाही. एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे आकडेशास्त्राच्या पुस्तकात असते. ते इथे डोळ्यांनी दिसते.

१९५० ची अमेरिकन खानेसुमारी २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली. तिची पहिली नामसूची संगणकाने हस्ताक्षर वाचून तयार केली आणि लोकांना ती सुधारण्याची सोय ठेवली. यंत्राला वाचायला शिकवतात ते माणसांनी लावलेली हजारो उदाहरणे दाखवून. थकवा त्याला येत नाही हे खरे. पण तेही शेवटी आधी पाहिलेल्याच्या जोरावर अंदाज करते. नेहमीचे आडनाव त्याला पटकन सापडते आणि विरळ आडनाव तो नेहमीच्या साच्यात बसवू पाहतो. अडतो तिथे माणूसही असेच करतो. तेव्हा यंत्राची सूची वाटाड्या म्हणून घ्यावी, आणि शेवटी मूळ पानाचे चित्र स्वतः पाहावे, असे मला वाटते.

भारतात १८७२ पासून खानेसुमारी होत आली, आणि १८८१ मध्ये ती प्रथमच देशभर एकाच वेळी झाली. पण १९४८ च्या कायद्याने व्यक्तींच्या नोंदी गुप्त राखल्या जातात, त्यामुळे त्यांतून पणजोबा शोधणे आपल्याला शक्य नाही. आपल्याकडे ते काम नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या करतात, जमिनीचे आणि जन्म-मृत्यूचे जुने दाखले करतात. आणि त्यांतले पुष्कळसे मोडीत आहेत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे काढतात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करीत नाहीत. काठ्यांचे कुंपण बरे म्हणायची पाळी! तरी उपाय तेच: पक्क्या शब्दांवरून हात ओळखायचा, तारखा ताडायच्या. मॉरिशसला मळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांची नावे तर परक्या कारकुनांनी कानावर पडली तशी रोमन लिपीत लिहिली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आहेत. तिथे कानाची आणि डोळ्याची, दोन्ही चुका एकाच ओळीत भेटतात.

साउंडेक्स कानासाठी आहे. देवनागरीसाठी डोळ्याचा तसा तक्ता तुम्हीच करून पाहा. घाईत लिहिलेला 'भ' हा 'म' वाटतो, 'घ' चा 'ध' होतो, 'प' आणि 'ष' एकमेकांत मिसळतात, 'ख' फुटून 'रव' होतो. वर्गातल्या चाळीस मुलांकडून तीच वीस आडनावे भरभर लिहून घ्या, कागद अदलाबदल करून दुसऱ्या वर्गाला वाचायला द्या, आणि कोणते अक्षर कशाच्या जागी किती वेळा वाचले गेले ते मांडा. कोणती चार अक्षरे एका गटात येतात, ते शिक्षकांनी आधी सांगू नये.